माझ्या वाटणीचं पाणी

आमच्या घरात आड नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गोंधळ नको. मुखेडच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, त्यामागं शहाबादी फरशीचं अंगण आणि अंगणात एक बेलाचं झाड. डावीकडच्या घरात आड, उजवीकडच्या घरात आड, आणि आम्ही मायलेकी घागर घेऊन कधी ह्या दारात, कधी त्या दारात. त्यात माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, ते आसपासच्या गावांत नावाजलेले पाणाडी. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते तळहातावर नारळ धरून दाखवायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, कमरेवरची घागर खाली ठेवताना रोज तेच म्हणायची, "गावाला पाणी दावतंय आन् बायकूला दारोदार फिरवतंय. लई चांगलं हाय बाई!" अप्पा हसायचे. हसले की कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा वरखाली व्हायच्या, आणि अव्वाला आणखी राग यायचा.

पण आड नसण्याला कारण होतं. अप्पांना ही विद्या एका म्हाताऱ्या जंगम स्वामींनी दिली होती आणि देताना बंधन घातलं होतं: हा गुण स्वतःसाठी वापरायचा नाही. स्वतःच्या जागेत पाणी बघायचं नाही, जवळच्या नात्यात बघायचं नाही, ज्याला पाणी दाखवलं त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. इतकंच काय, त्या विहिरीचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही. पाणी लागलं की शेतकरी हात जोडून म्हणायचा, "अप्पा, घोटभर तरी घ्या की." अप्पा घरून झाकणाचा तांब्या न्यायचे. तो उघडून आपलंच पाणी प्यायचे आणि एसटी धरून परत यायचे. वैशाखातसुद्धा असंच. मला लहानपणी ह्याचा फार अभिमान होता. आता मी साठी ओलांडली आहे, आणि आता अभिमानापेक्षा अव्वाच्या कमरेची जास्त आठवण येते.

ज्या दिवसांबद्दल लिहायचं आहे ते दुष्काळाचे दिवस. टीव्हीवर हल्ली दुष्काळ दाखवतात तेव्हा भेगाळलेली जमीन दाखवतात. मला दुष्काळ आठवतो तो आवाजानं. आडाच्या तळाला बादली घासते तो आवाज. वाटीनं खरवडून घागर भरायची, त्या वाटीचा आवाज. टँकरचा भोंगा, आणि तो वाजला की गल्लीतल्या बायकांच्या एकदम फुटलेल्या आरोळ्या. जेवणात भाजी अशी उरलीच नव्हती. अव्वा येसर करायची. ज्वारी, हरभरा, धणे भाजून दळून ठेवलेलं पीठ उकळत्या पाण्यात सोडायचं, वरून लसूण-मिरचीची फोडणी द्यायची की झाली आमटी. भाकरी कुस्करून त्यात बुडवायची. पहिले काही दिवस छान लागते. मग आपण काय खातोय हे जिभेला कळेनासं होतं. माझं एकूण सगळंच त्या सुमाराला तसं होऊन बसलं होतं.

बारावीचा निकाल लागला तो अशा दिवसांत. मी सायन्सला होते, पास झाले, बऱ्यापैकी मार्क पडले. डॉक्टर होण्याइतके नाहीत, पण आमच्या पेठेत पेढे वाटण्याइतके नक्की. पेढे वाटले नाहीत. दूधच नव्हतं. अप्पांनी दुकानातले बत्तासे वाटले. त्याच संध्याकाळी अव्वा नायगावच्या स्थळाचं बोलली. मुलगा चांगला, घरचं कापडाचं दुकान, आपल्यातलेच, देणंघेणं फार मागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे घरात आड आहे, त्याला पाणी आहे. ह्या शेवटच्या मुद्द्यावर अव्वाचा आवाज असा काही हळवा झाला की मला तिचं चुकतंय असं म्हणवेना.

अप्पा मात्र म्हणाले, "शिकू दे तिला. लातूर आता जिल्हा झालाय. कालेजं हायत, हापिसं येऊन राहिलीत. चार वर्षांनी हिच्यासारख्या पोरी खुर्चीत बसतील."

त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी हे एकच. लातूर जिल्हा झाला. आम्ही नांदेड जिल्ह्यातले, आम्हाला तसं काही मिळायचं नव्हतं, तरी आमच्याच पोराला नोकरी लागल्यासारखे लोक बोलायचे. नांदेडलाही कॉलेज होतं, पण तिथं आमचं कुणी नव्हतं आणि पोरीला वसतिगृहात ठेवायचं म्हटलं की अव्वा पदर डोळ्याला लावायची. लातूरला माझा सख्खा मामा होता. गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका डाळमिलमध्ये दिवाणजी. तेव्हा ठरलं ते असं: मामाकडं जागा झाली तर लातूर आणि कॉलेज, नाही तर नायगाव आणि कापडाचं दुकान. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर लातूर म्हणाले असते, हे नक्की. मला शिकायचं होतं. पण किती शिकायचं होतं हे स्वतःलाही मोठ्यानं सांगायची भीती वाटत होती, म्हणून मी येसराची आमटी ओरपत गप्प बसले.

मामाला बोलावणं गेलं, तो आला. बरोबर मामीही आली. मामी म्हणजे बोलायला फटकळ, पण मनात ठेवणारी नव्हे. जे असेल ते तोंडावर. ती सरळ म्हणाली, "भावजी, पोरगी गुणाची हाय, मला नको न्हाई. पण आमच्याकडं नळ येतो आठवड्यातून एकडाव. त्याबी पाण्यासाठी मी पहाटेपासनं रांग धरते. आमची तीन लेकरं. एक माणूस वाढलं म्हंजे दोन घागरी वाढल्या. त्या कुठून आणू? तुम्हीच सांगा." तिचं खोटं नव्हतं. मग तीच म्हणाली, "आता नव्या प्लॉटवर घर बांधलंय. मोकळी जागा हाय. तुम्ही जगाला पाणी दावता. आम्हाला एक पॉइंट द्या. बोअरला पाणी लागलं तर पोरगी माझी. तीन वर्षं काय, सहा वर्षं ठेवून घेते."

मामा खाली बघत होता. त्याला बंधन माहीत होतं. अव्वालाही माहीत होतं. अप्पा उठून दुकानात गेले, गिऱ्हाईक नसताना तराजू पुसत बसले. मी पोत्यावर बसून त्यांच्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी नारळाच्या पोत्यात हात घातला, एकेक नारळ कानाशी धरून हलवू लागले. पाणी असलेला नारळ हलवला की आत डुचमळतं, दुकानदाराच्या कानाला ते लगेच कळतं. एक नारळ त्यांनी पसंत केला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि गल्ल्याशेजारी ठेवला. बस्स. एवढ्यावर सगळ्यांना कळलं. अव्वा आतून म्हणाली, "अवो, स्वामींनी काय सांगितलं होतं?" अप्पा म्हणाले, "स्वामींना पोरगी नव्हती."

लातूर मी त्याआधी लग्नाकार्याला पाहिलं होतं, पण ह्या वेळी ते निराळंच दिसलं. जिकडं बघावं तिकडं विटा, वाळू, खडी. रिक्षा कुठूनही कुठंही घुसत होत्या. गंजाच्या बाजूनं वारं आलं की डाळीच्या भुश्शाचा वास यायचा, आणि तो भुस्सा बायकांच्या केसांवर, दुधाच्या पातेल्यावर, सगळीकडं बारीक बसलेला असायचा. मामाचं घर शहराच्या कडेला, नव्या वस्तीत. घराला गिलावा नव्हता. मागं मोकळी जागा, त्यात बाभळीचं एक खुरटं झाड.

अप्पांनी लिंगपूजा केली, विभूती लावली, पायांतून चपला काढल्या आणि तळहातावर नारळ आडवा धरून चालायला लागले. मी हे लहानपणापासून कितीदा तरी पाहिलं होतं. सावकाश, पाय घासत, जमिनीकडं न बघता. पाणी असलं की नारळ हातावर उभा राहायचा. लोकांना ते बघताना शहारे यायचे, मला अप्पांच्या मानेवरची ताठलेली शीर दिसायची. त्या दिवशी ते फार वेळ चालले. आडवे चालले, उभे चालले, परत आले. मामीची लेकरं कंटाळून खेळायला गेली. शेवटी बाभळीच्या अलीकडं नारळ हलला आणि उभा राहिला. अप्पांनी तिथं टाचेनं खूण केली. मामीनं हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "आता काय, तुझी खोली झाडून ठेवते." मला त्या क्षणी खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला मनातल्या मनात नाचावंसं वाटलं. त्यानंतर बराच काळ मला काही वाटलंच नाही, म्हणून ते बरं वाटणं ध्यानात राहिलं.

बोअरची गाडी दोन दिवसांनी आली. सकाळी यंत्र लागलं. त्याचा आवाज असा की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही. नुसती तोंडं हलताना दिसतात. आधी मुरूम आला, मग राखी भुकटी. भुकटीचा लोट घरावर, बाभळीवर, आमच्या सगळ्यांवर. अप्पा भोकापासून हातभर अंतरावर उभे होते, हटायला तयार नव्हते. पांढरे झाले होते नखशिखांत. दुपारी एकदा भुकटी ओलसर आली. गाडीवाल्या पोरानं मुठीत दाबून लाडू वळून दाखवला. मामी धावत घरात गेली आणि चक्क कळशी घेऊन आली. कळशी घेऊन ती उभी राहिली, आणि थोड्या वेळानं पुन्हा कोरडी भुकटी यायला लागली. मग येतच राहिली. दोनशे फुटांनंतर गाडीवाल्यानं यंत्र बंद केलं.

आवाज थांबल्यावर कानात नुसतं घूं घूं होत होतं. रिवाज असा की बोअर झाल्यावर पॉइंटाचा नारळ तिथंच फोडायचा, पाणी लागो न लागो. मामानं दगडावर नारळ फोडला. आत पाणी होतं, भरपूर होतं, गोड होतं. मामानं ते वाटीत धरलं आणि सगळ्यांच्या हातावर थोडंथोडं घातलं. त्या जागेतून त्या दिवशी तेवढंच पाणी निघालं. शेजारची एक बाई भिंतीवरून बघत होती, ती मामीला म्हणाली, "पोरीचा पायगुण बघायचा असतो आधी." मामी तिच्यावर खेकसली, "तू गप बस की!" पण वाक्य बोलून झालं होतं. अप्पांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. अप्पा माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "तिचा पायगुण कशाला? माझी चूक हाय. स्वार्थासाठी मागितलं, न्हाई दिलं."

लोक म्हणतात, अशा वेळी रडू फुटतं. मला काही झालं नाही. मी हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि बादलीतलं पाणी बघून हात न धुताच परत आले. दोन घागरींचा हिशोब माझ्या डोक्यात बसला होता. आपल्या पायांनी पाणी गेलं, हेही बसलं. ते पटलं होतं असं नाही, पण खोडून काढावंसंही वाटेना. अंगाला भुकटी लागली होती तशी ती गोष्ट लागून राहिली. रात्री मामीनं पिठलं केलं, भरपूर कांदा घालून. मी जेवले. सगळे जेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुखेडची गाडी धरणार असं मी समजत होते. नायगावच्या स्थळाला मी मनात होकारही देऊन टाकला होता. त्यात दुःखही नव्हतं. पण अप्पा सकाळी आंघोळ न करता, नुसती विभूती लावून तयार झाले आणि म्हणाले, "चल, कालेजात." मामी चुलीपुढून म्हणाली, "भावजी, पण..." अप्पा म्हणाले, "वैनी, हिच्या वाटणीचं पाणी मी देतो. तुमच्या नळातलं एक वाटी घेणार न्हाई. मग तर झालं?" मामीनं त्यांच्याकडं बघितलं. कसं देणार, कुठून देणार, काही विचारलं नाही. "मग झालं," म्हणाली.

कॉलेजात प्रवेशाची गर्दी होती. खिडकीत चष्म्यावरून बघणारे एक कारकून बसले होते. गुणपत्रिका बघून म्हणाले, "बीएस्सी. कुठले विषय? मुली केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी घेतात. तेच लिहू ना?" अप्पा माझ्याकडं वळले. "कांता, तुला काय पायजे?" एवढ्या दिवसांत मला हे पहिल्यांदा कुणी विचारत होतं. निकालाच्या दिवशी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर होतं. आता शोधलं तर सापडेना. मी म्हणाले, "कायबी."

आजकाल नाती-नातवंडं येऊन सांगतात, आजी, मला हेच करायचंय, माझं पॅशन आहे. मी मान हलवते. मनात म्हणते, बाई गं, माझं अख्खं आयुष्य "कायबी" ह्या शब्दावर उभं आहे, आणि तसं बरं चाललं.

अप्पा काही वेळ खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. मागची रांग चुळबुळ करायला लागली. मग त्यांनी कारकुनाला विचारलं, "सायेब, ह्यात जमिनीच्या खालचं शिकवायचा विषय हाय का?"

"जमिनीच्या खालचं म्हणजे? जिऑलॉजी?"

"दगड, मुरूम, पाणी. खाली काय असतंय ते."

"आहे. पण काका, तो विषय मुली घेत न्हाईत. डोंगरं फिरावी लागतात, हातोडा घेऊन दगडं फोडावी लागतात. मुलीला झेपणार न्हाई."

"घागरी झेपल्यात," अप्पा म्हणाले. "लिहा."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं. माझा विषय असा ठरला, आणि त्यानंतर आम्ही स्टँडवर भजी खाल्ली. अप्पांनी तांब्याचं झाकण उघडून मला आधी पाणी दिलं.

मग सुरू झाले डबे. गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा असतो, तसा डबा. आमच्या दुकानात रिकामे डबे पुष्कळ. अप्पा तो राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं खळबळून, पाण्यानं भरून, वर झाकण बसवून मेणानं बंद करायचे आणि मुखेडहून लातूरला येणाऱ्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचे. आठवड्यातून दोनदा. मी कॉलेजातून स्टँडवर जायची, गाडीची वाट बघत थांबायची. कंडक्टर खिडकीतून ओरडायचे, "मुखेडच्या पाण्यावाली हाय का?" आख्खा स्टँड माझ्याकडं बघायचा. डबा कॅरियरवर बांधून मी मामाची सायकल ढकलत घरी न्यायची. मामी तो वेगळ्या रांजणात ओतायची आणि मलाच सांगायची, "हा तुझा रांजण, कुणी हात लावणार न्हाई." आठवड्याभरात तिची लेकरं त्यातलं प्यायला लागली आणि मी नळाचं प्यायला लागले, हिशोब कुणाच्या ध्यानात राहतो? पण डबे थांबले नाहीत. कितीही घासला तरी त्या पाण्याला शेंगदाण्याच्या तेलाचा वास यायचा. चहावर बारीक तवंग दिसायचा.

वर्गात मी एकटीच मुलगी होते. शिकवलेलं कळायचं, परीक्षेत उतरायचं, मार्क पडायचे. त्याचा आनंद व्हायचा की नाही हे सांगता येणार नाही. सकाळी उठायची, जायची, यायची, डबा आणायची. मैत्रिणी नव्हत्या. मामीची लेकरं माझ्याभोवती खेळायची तेव्हा मी त्यांना गोष्टी सांगायची, आणि गोष्ट सांगताना मध्येच विसरायची. मामी म्हणायची, "ही पोरगी हाय का गेली?" बरोबर म्हणायची.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पाण्याचं कळलं. मी समजत होते, अप्पा टँकरचं पाणी भरून पाठवतात. अव्वा करंज्या लाटत होती. तीळ नव्हते म्हणून नुसत्या रव्याच्या. लाटता लाटता म्हणाली, "टँकरचं? टँकरचं आपल्यालाच पुरंना. तुझे अप्पा जाऊन राहिलेत लोकांच्या विहिरीवर." कुणाच्या, म्हणून विचारलं. "ज्येंना पाणी दावलंय त्येंच्या. आता थोड्याच विहिरींना पाणी हाय, त्या समद्या ह्येंनीच दावलेल्या. डबा घेऊन जातेत, म्हणतेत, पोरगी लातूरला शिकायला हाय, तिच्यासाठी द्या. एकेकदा लोक बाकीच्यांना थांबवून देतेत. एकेकदा ह्येंना रांगेत उभं करतेत. उभे राहतेत." अव्वानं करंजीची कड दाबली. "हात जोडून घोटभर घ्या म्हणायचे लोक, तवा घेतलं न्हाई. आता मागून घ्यायलेत." ती रडली नाही. मीही नाही. मी कातण घेतलं आणि करंज्यांच्या कडा कापायला बसले. अप्पा दुकानात कुणाला तरी साखर मोजून देत होते. त्या पावसाळ्यापासून त्यांनी पॉइंट देणं बंद केलं होतं. कुणी आलं की म्हणायचे, "हात गेला माझा."

दुसरं वर्ष निम्मं झालं तेव्हा आमच्या सरांनी वर्गाला शहराबाहेरच्या एका दगडखाणीत नेलं. खाण मामाच्या वस्तीच्या अगदी पाठीला. उंच उभा कापलेला कडा होता. सर हातोड्यानं दाखवत होते: वरचा मुरूम, त्याखाली थोडा कुजका दगड, त्यात कधी जराशी ओल असते, आणि त्याच्या खाली हा काळा पाषाण, अखंड. पाणी दगडाच्या फटींत असतं, आणि ह्याला फटच नाही. सर म्हणाले, "ह्या बाजूला लोक बोअर मारतात आणि नशिबाला बोल लावतात. इथं कुणीही मारला तरी कोरडाच जाणार." मुलांनी लिहून घेतलं. मी लिहून घेतलं नाही. मी जवळ जाऊन त्या काळ्या दगडावर हात ठेवला. उन्हानं तापला होता. इकडून तिकडं हात फिरवत गेले, फट शोधत. कुठंच नव्हती. मग मी त्याच्या वरचा कुजका दगड बघितला, बोटानं उकरला. बोअरच्या दिवशी दुपारी आलेली ती ओलसर भुकटी ह्याचीच होती. सरांनी हाक मारली, "अहो मुखेडकर, चला आता." मी विचारलं, "सर, कुणीही म्हणजे कुणीही?" ते म्हणाले, "कुणीही."

पुढं मी भूजल खात्यात नोकरी केली, यंत्रं घेऊन रानोमाळ पाणी बघत हिंडले. माझेही बोअर कोरडे गेले आहेत, भर गावासमोर. त्यामुळं आता मी "कुणीही" हा शब्द सरांइतका ठासून वापरत नाही. पण त्या जागेपुरतं सर बरोबर होते. मी नंतर तपासलं आहे.

त्याच दुपारी मी पुढचे तास बुडवले आणि मामीला न सांगता अहमदपूरवरून जाणारी मुखेडची गाडी धरली. पोहोचले तेव्हा दिवे लागायचे होते. दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, अप्पा त्याचा गूळ फोडत होते. मला बघून दचकले. "काय गं? काय झालं? डबा पोचला न्हाई का?"

मी फळीच्या आत गेले, साखरेच्या पोत्यावर बसले आणि एका दमात सांगितलं. खाणीचं सांगितलं, मुरमाचं, कुजक्या दगडाचं, अखंड पाषाणाचं सांगितलं. गुळाच्या ढेपेवर बोटानं रेघा ओढून थर दाखवले. "तिथं पाणीच नव्हतं अप्पा. स्वार्थासाठी मागा नाही तर धर्मासाठी मागा. कुणाच्याबी हातानं लागलं नसतं. तुमच्या बंधनाचा काही संबंध न्हाई."

अप्पा गुळाचा खडा हातात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "आन् ज्या विहिरींना पाणी लागलं, ते कसं?"

"ते अजून शिकवलं न्हाई."

त्यांना हसू आलं. कपाळावरच्या रेघा हलल्या. किती दिवसांनी हलल्या. मग ते एकदम गंभीर झाले, गुळाचा खडा तराजूत ठेवला आणि माझ्याकडं न बघता हळूच विचारलं, "म्हंजे तुझा पायगुणबी न्हाई?"

त्या भिंतीवरच्या बाईचं वाक्य त्यांनीही इतके दिवस सांभाळलं होतं. माझ्यावर येऊ नये म्हणून त्या दिवशी मोठ्यानं स्वतःवर घेतलं होतं, विहिरींवरच्या रांगांत उभं राहताना घेतलं होतं, आणि मनात मात्र त्यांनाही भीती होती. मी "न्हाई" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी रडूच बाहेर आलं. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, लहान पोरीसारखी रडले. आतून अव्वा धावत आली, "काय झालं, काय झालं," करत. गिऱ्हाईक घाबरलं, पिशवी सावरून म्हणालं, "अप्पा, मी मागनं येतो."

"थांब जरा, गूळ घेऊन जा," अप्पा म्हणाले. मग अव्वाकडं वळले. "काय न्हाई झालं. पोरगी रडून राहिली. लई दिवसांनी रडून राहिली."